‘तडजोड’ म्हणजे लाच नव्हे: मुंबईत नव्याने गाडी चालवणाऱ्यांनी समजून घ्यायचे कायद्याचे शब्द

कराडहून मुंबईला आले त्या वर्षीच मोबाइलवर पहिल्या ई-चलानाचा मेसेज आला. उघडून पाहिलं तर रकमेपुढे शब्द होता ‘तडजोड’. आमच्याकडे तडजोड म्हणजे बांधावरचं भांडण चारचौघांत मिटवणं. रस्त्यावर अडवल्यावर कुणी ‘तडजोड करू’ म्हणालं, तर त्याचा अर्थ चिरीमिरी. मला वाटलं, कुणीतरी फसवतंय. मेसेज तसाच सोडला. काही महिन्यांनी लोकअदालतीची नोटीस आली आणि मी घाबरून गेले. ओळखीच्या एका वकीलकाकांनी पाच मिनिटांत समजावलं: तडजोड हा मोटार वाहन कायद्यातला शब्द आहे, कलम २०० मधला. ठरलेली रक्कम सरकारजमा केली की त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. एवढंच.

एका शब्दाने माझी झोप उडवली होती. त्यानंतर वाहतुकीच्या कागदांवरचा प्रत्येक अनोळखी शब्द मी विचारून घेतला. नोकरीसाठी किंवा लग्न होऊन मुंबईत आलेल्या आणि इथल्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी काढणाऱ्या सगळ्यांसाठी ते इथे ओळीने मांडते आहे. मूळ कायदा मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्यात २०१९ मध्ये मोठे बदल झाले आणि महाराष्ट्रात वाढीव तडजोड रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. त्याआधीचे आकडे सांगणारे जुने लेख बाजूला ठेवा.

१. गाडी काढण्याआधी: अनुज्ञप्ती वेगळी, परवाना वेगळा

आपण बोलताना ड्रायव्हिंग लायसन्सला ‘परवाना’ म्हणतो. आरटीओच्या कागदांवर मात्र लायसन्स म्हणजे ‘अनुज्ञप्ती’ आणि ‘परवाना’ म्हणजे परमिट, म्हणजे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो भाड्याने चालवायची परवानगी. तुमच्या खासगी स्कूटरला परवाना लागत नाही, तुम्हाला अनुज्ञप्ती लागते. अर्ज भरताना हे दोन शब्द उलटे वाचले की चुकीच्या सेवेचं शुल्क भरून बसायची वेळ येते.

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते. ती मिळाल्यावर ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीवर ‘एल’ हवा आणि चारचाकीत शेजारी पक्की अनुज्ञप्ती असलेला माणूस बसलेला हवा. शेजारी नवरा किंवा भाऊ आहे म्हणून भागत नाही, त्याची स्वतःची अनुज्ञप्ती चालू असली पाहिजे.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

– अनुज्ञप्ती
– नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी
– विमा प्रमाणपत्र. किमान ‘त्रयस्थ पक्ष’ विमा सक्तीचा. त्रयस्थ म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा माणूस. या विम्यातून तुमच्या स्वतःच्या गाडीची दुरुस्ती होत नाही.
– पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र
– टॅक्सी, टेम्पोसारखं वाहन असेल तर परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र

हे सगळं डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अॅपमध्ये असेल तर मूळ कागदाइतकंच ग्राह्य. मोबाइलच्या गॅलरीतला फोटो ग्राह्य नाही. हा फरक अनेकांना रस्त्यात उभं राहिल्यावरच कळतो.

२. बाहेरगावची गाडी मुंबईत आणताना

मुंबईत चार आरटीओ आहेत: ताडदेव (एमएच ०१), अंधेरी (एमएच ०२), वडाळा (एमएच ०३) आणि बोरिवली (एमएच ४७). तुमचा पत्ता ज्याच्या हद्दीत, ते तुमचं कार्यालय. ठाणे, वाशी ही वेगळी कार्यालयं आहेत. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे राहणारा वडाळ्याचा, पलीकडे राहणारा ठाण्याचा.

गाडी महाराष्ट्रातलीच, माझ्या गाडीसारखी एमएच ५० म्हणजे कराडची असेल, तर नंबर तोच राहिला तरी चालतो. मात्र आरसीवरचा पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल आणि १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवणार असाल, तर मूळ आरटीओकडून ‘ना-हरकत प्रमाणपत्र’ आणून इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. ‘बीएच’ म्हणजे देशभर चालणाऱ्या ‘भारत’ मालिकेच्या नंबरच्या गाड्यांना ही कसरत नाही.

पत्त्याबरोबर मोबाइल नंबरही बदलून घ्या. चलानाचा मेसेज जातो तो नोंदणीला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बंद पडलेला असेल तर चलानं साचत राहतात आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

३. जुनी गाडी घेताय? ‘हस्तांतरण’ आणि ‘बोजा’ हे दोन शब्द पाठ करा

माझी स्कूटर एका एजंटाकडून घेतलेली. त्याने चावी दिली, सही केलेले दोन कोरे नमुने, म्हणजे आरटीओचे फॉर्म, दिले आणि ‘निवांत नावावर करून घ्या’ म्हणाला. मी निवांतच राहिले. चार महिन्यांनी आधीच्या मालकीणबाईंचा फोन आला, त्यांचा आवाज कापत होता. माझ्या हातून झालेल्या सिग्नलच्या चुकीचं चलान त्यांच्या नावावर गेलं होतं. ‘बाई, उद्या या गाडीखाली कुणी आलं तर पोलीस माझ्या दारात येतील ना?’ असं त्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नोंदणीत ज्याचं नाव, तो कायद्याच्या नजरेत मालक. अपघाताच्या भरपाईचं ओझंसुद्धा त्याच्यावर येऊ शकतं.

म्हणून नमुना २९ आणि नमुना ३० भरून मालकी हस्तांतरणाचा अर्ज लगेच करा. कोऱ्या नमुन्यांवर सही देऊ नका आणि घेऊही नका. त्या दोन नमुन्यांवरच्या रिकाम्या तारखेमुळेच मी ‘नंतर बघू’ म्हणत राहिले. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आरसीवर बँकेचा ‘बोजा’ असतो, त्याला ‘तारण’ही म्हणतात. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि नमुना ३५ देऊन तो उतरवावा लागतो. आणि पैसे देण्याआधी त्या गाडीवरची ‘प्रलंबित’ चलानं पाहून घ्या. कशी पाहायची ते पुढे सांगते.

४. रस्त्यावरच्या पाट्या

गोल पाटी सक्तीची: ती मोडली की गुन्हा. त्रिकोणी पाटी सावधगिरीची. चौकोनी पाटी माहितीची. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे नो पार्किंग, दोन रेघांची फुली म्हणजे तिथे क्षणभरही थांबायचं नाही. स्टेशनबाहेर कुणाला उतरवताना या फुलीकडे लक्ष जात नाही आणि चलान येतं.

‘थांबरेषा’ म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या आधीची पांढरी रेघ. लाल दिव्याला पुढचं चाक या रेघेच्या अलीकडेच हवं. ‘शांतता क्षेत्र’ म्हणजे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा, तसा जाहीर केलेला १०० मीटरचा परिसर. तिथे हॉर्न वाजवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मुंबईपुरतं एक फार महत्त्वाचं. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू, पूर्व मुक्तमार्ग आणि जेजे उड्डाणपूल, या पाचही ठिकाणी दुचाकीला ‘प्रवेश बंद’ आहे. मोबाइलचा नकाशा कारच्या मोडवर राहिला तर तो तुम्हाला सरळ वर चढवतो. चढलात की मध्ये वळायला जागा नसते, मागून गाड्या वेगात येत असतात आणि तिथे दंडापेक्षा जिवाचीच भीती जास्त. नकाशा दुचाकीच्या मोडवर आहे ना, हे निघण्याआधी पाहा. रिक्षा चालवणारे किंवा रिक्षाने फिरणारे असाल तर माहीत असू द्या, माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, तिथून टॅक्सी.

‘अधिसूचना’ हा शब्द गणपतीत सगळ्यात जास्त भेटतो. वाहतूक पोलीस अधिसूचना काढून एखादा रस्ता काही दिवसांसाठी बंद करतात, एकदिशा करतात किंवा तिथे पार्किंग मनाई करतात. विसर्जनाच्या दिवसांत लालबाग-गिरगावकडे जायचं असेल तर आदल्या दिवशी वाहतूक पोलिसांच्या समाजमाध्यमांवरच्या सूचना वाचा. ‘कालपर्यंत तर इथून जात होते’ हे उत्तर चालत नाही. अधिसूचना निघाली की ती लागू.

आणि कृपा करून विरुद्ध दिशेने गाडी घालू नका, दोन इमारतींचं अंतर असलं तरी. २०१९ नंतर वाहतुकीच्या उलट्या दिशेने जाणं, सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरून चालवणं हे कलम १८४ खाली ‘धोकादायक रीतीने वाहन चालवणे’ यात मोडतं. त्याला कैदेचीही तरतूद आहे.

५. पोलिसांनी थांबवलं तर

गाडी डावीकडे घ्या, इंजिन बंद करा. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर कागदपत्रं दाखवणं कलम १३० प्रमाणे तुमचं कर्तव्य आहे. वाद घालू नका, पण एक प्रश्न जरूर विचारा: ‘साहेब, कलम कुठलं लावलंय ते सांगाल का?’ मी आजवर जेव्हा जेव्हा नीट विचारलं, तेव्हा मशीनवर दाखवून सांगितलं गेलं.

इथे तीन शब्द वेगळे ओळखायचे.

‘दंड’ म्हणजे मशीनवर निघणारं चलान. ते तिथेच कार्डाने किंवा यूपीआयने भरा, नाहीतर नंतर ऑनलाइन. पावतीशिवाय रोख रक्कम देऊ नका.

‘अनुज्ञप्ती जमा करणे’ म्हणजे ती कलम २०६ खाली ताब्यात घेणं. अशा वेळी तात्पुरती पोचपावती मिळालीच पाहिजे. सापळा हा की प्रत्येक पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. वेग, धोकादायक चालवणं, हेल्मेट अशा गुन्ह्यांत अनुज्ञप्ती निलंबनासाठी पाठवायला घेतली असेल, तर ती परत मिळेपर्यंत चालवायची मनाई असते. ‘यावर मी गाडी चालवू शकते का?’ हे तिथेच विचारून घ्या.

‘अटकाव’ म्हणजे गाडीच अडकवून ठेवणं, कलम २०७. अनुज्ञप्ती नाही, नोंदणी नाही, चालवणारा अल्पवयीन आहे, अशा वेळी हे होतं. मालकाने कागदपत्रांसह अर्ज केला की गाडी सुटते. नो पार्किंगमधून ओढून नेलेली गाडी हा वेगळा प्रकार. ती जवळच्या वाहतूक चौकीत दंड आणि टोइंगचं शुल्क भरून मिळते.

हेल्मेटबद्दल: मागे बसणाऱ्यालाही ते लागतं, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. कायद्यात दंडाबरोबर तीन महिने अनुज्ञप्तीसाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. पाचशे-हजाराचं काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी ते तीन महिने लक्षात घ्यावेत.

६. ई-चलान आलं: आता काय?

सगळ्यात आधी, मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. ‘तुमचं चलान बाकी आहे’ म्हणत व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल) पाठवून बँक खातं रिकामं करणाऱ्या टोळ्या आहेत. खरं चलान एपीके फाइल म्हणून कधीच येत नाही. तुम्ही स्वतः महाट्रॅफिकची सरकारी वेबसाइट उघडा (पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते पाहा) किंवा महाट्रॅफिक अॅप वापरा. वाहन क्रमांक आणि चासीचे किंवा इंजिनाचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलानं दिसतात. चासी क्रमांक आरसीवर असतो. जुनी गाडी घेताना हेच करायचं.

मग चलान उघडा आणि चार गोष्टी वाचा: तारीख-वेळ, ठिकाण, गुन्ह्याचं कलम, फोटो. फोटो मोठा करून पाहा. नंबरप्लेट तुमचीच आहे का? गाडीचा रंग, मॉडेल? दुसऱ्याच्या गाडीचा नंबर लावून फिरणारे लोक आहेत, कधी ८ चा ३ वाचला जातो. असं झालं असेल तर पैसे भरू नका. अॅपमधून तक्रार नोंदवा, सोबत तुमच्या गाडीचे फोटो आणि आरसी जोडा. बनावट प्लेटचा संशय असेल तर पोलीस ठाण्यातही लेखी कळवा. उद्या त्याच नंबरची गाडी मोठ्या गुन्ह्यात सापडली, तर तुमचा तो लेखी अर्ज तुमच्या बाजूने उभा राहील.

गाडी तुमची पण चालवणारा दुसरा होता, असं असेल तर मालकाने चालकाची माहिती देणं बंधनकारक आहे, कलम १३३. ‘कोण घेऊन गेलं आठवत नाही’ असं म्हणू नका.

चूक आपलीच असेल तर तडजोड रक्कम भरा आणि पावती जपून ठेवा. पण रक्कम भरली म्हणजे पाटी कोरी झाली असं समजू नका. तडजोड केलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो आणि दुसऱ्यांदा तोच गुन्हा घडला तर दंडाचा वरचा आकडा लागतो.

बरीच चलानं साठली की लोकअदालतीची नोटीस येते. त्यात ‘दाखलपूर्व प्रकरण’ असे शब्द असतात. ते वाचून मी घाबरले होते. त्याचा अर्थ: खटला अजून दाखल झालेला नाही, त्याआधी मिटवायची संधी आहे. ‘समन्स’ हा शब्द असेल तर मात्र खटला दाखल झालेला आहे आणि दिलेल्या तारखेला न्यायालयात जावंच लागतं. समन्स टाळलं की वॉरंट निघू शकतं.

७. जिथे तडजोड नाही

दारू पिऊन गाडी चालवणं, कलम १८५. मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलीटरमध्ये ३० मिलिग्रॅम. हे रस्त्यावर मिटत नाही, न्यायालयात जावं लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

आणि आईवडिलांना हात जोडून सांगते: क्लासला जायला उशीर होतो म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात स्कूटर देऊ नका. कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत अनुज्ञप्ती नाही.

८. अपघात झाला तर: पोलीस ठाण्यातले शब्द

माझ्या मैत्रिणीला घाटकोपरला एलबीएस मार्गावर टेम्पोने धडक दिली. मनगट मोडलं. त्या रात्री पोलीस ठाण्यात मी तिच्याबरोबर होते, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

आधी जखमीला रुग्णालयात न्या. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, कलम १३४-अ. त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. चालक तुम्ही असाल तर पळू नका. वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं हे तुमचं कर्तव्य आहे. विमा कंपनीलाही कळवा.

रुग्णालयात डॉक्टर ‘एमएलसी’ करतात, म्हणजे पोलिसांच्या कामासाठी दुखापतीची वैद्यकीय नोंद. त्यातले दोन शब्द पुढचं सगळं ठरवतात: ‘साधी दुखापत’ की ‘गंभीर दुखापत’. बोलताना आपण गंभीर म्हणजे जिवावर बेतलेली समजतो. कायद्यात हाड मोडणं किंवा निखळणं ही गंभीर दुखापतच, मग ते करंगळीचं हाड का असेना. म्हणून एक्स-रे टाळू नका.

पोलीस ठाण्यात नोंद दोन प्रकारची होते. ‘अदखलपात्र’, म्हणजे एनसी: न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ‘दखलपात्र’, म्हणजे गुन्हा नोंद, एफआयआर, ‘प्रथम खबर’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे बेदरकारपणे वाहन चालवण्याला जुन्या २७९ ऐवजी कलम २८१ लागतं आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास ३०४-अ ऐवजी १०६. कुणी जुने आकडे सांगितले तर गोंधळू नका.

तक्रार देणारा तो ‘फिर्यादी’. फिर्यादीच्या शेवटी साधारण असं वाक्य असतं: ‘माझी वरील फिर्याद माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केली असून ती मी वाचून पाहिली, ती बरोबर व खरी आहे.’ सही या वाक्याखाली होते, म्हणून खरंच वाचा. मैत्रिणीने वेदनेत ‘टेम्पो उजवीकडून आला’ असं सांगून टाकलं होतं; तो आला होता डावीकडून. वाचताना ते दिसलं, आम्ही सांगितलं आणि हवालदारांनी तेवढी ओळ दुरुस्त करून नवी प्रत काढली. ती ओळ तशीच राहिली असती तर भरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न तिथेच आला असता. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

‘घटनास्थळ पंचनामा’ म्हणजे दोन पंचांसमोर जागेची केलेली नोंद: दुभाजकापासूनचं अंतर, टायरच्या खुणा, काचांचे तुकडे. पोलीस येण्याआधी गाड्या हलवाव्या लागल्या तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा. त्या रात्री पावसाने खुणा धुऊन गेल्या होत्या, एका पानवाल्याने काढलेले फोटो कामी आले.

अपघातातली गाडी ‘मुद्देमाल’ ठरते आणि मोटार वाहन निरीक्षक तिची तपासणी करतो. ती परत मिळते ‘सुपूर्दनाम्यावर’, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर. अशी गाडी परवानगीशिवाय विकू नका, रंग बदलू नका.

भरपाईसाठी अर्ज जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, आणि कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी हात रिकामे राहत नाहीत: केंद्राच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना माहीत असते.

९. निलंबन, रद्द, अपात्र

‘निलंबन’ म्हणजे अनुज्ञप्ती ठरावीक काळ बंद. काळ संपला की पुन्हा चालू. ‘रद्द’ म्हणजे ती संपली. ‘अपात्र’ म्हणजे त्या काळात नवीनही काढता येत नाही. दुसऱ्या आरटीओत जाऊन नवा अर्ज करून पाहू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नोंदी देशभर एकाच प्रणालीत दिसतात. नोटीस आली तर तिच्यावर ‘म्हणणे मांडण्याची’ तारीख असते. त्या दिवशी स्वतः जा, लेखी म्हणणं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.